माझ्या रसात ते नव्हतं

मित्रांनो, मी कुंभा. जुना म्हणावं तर दर उन्हाळ्याच्या तोंडी मी वाळून मरतो, आणि नवा म्हणावं तर माझंच बी पुन्हा त्याच धुऱ्यावर, म्हणजे त्याच बांधावर, उगवतं. चौकोनी दांडा, चुरगाळलं की उग्र वास येणारी पानं आणि दांड्याभोवती गोल चेंडूसारखी दाटलेली पांढरी फुलं, हे माझं रूप. तुळस आणि पुदिना माझ्याच कुळातले. वैद्य मला द्रोणपुष्पी म्हणतात.

माझं गाव चिचटोली, पवनी-लाखांदूर रस्त्यापासून कोसभर आत. गावाच्या तलावाखाली गोदावरीबाईंच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होती आणि त्यांच्या धुऱ्यावर मी. मला कुणी पेरलं नव्हतं. गोदावरीबाई धुरा साफ करायच्या तेव्हा बाकीचं गवत कापायच्या आणि मला ठेवायच्या. कोवळ्या पानांची भाजी करायच्या. गावात कुणाचं नाक चोंदलं, कुणाला खोकला झाला, की माझ्या पानांचा रस द्यायच्या. कुणाकडून कधी सुपारीसुद्धा घेतली नाही त्यांनी. माझी दोन पानं खुडताना त्यांचा हात इतका हलका असायचा की मला दांडा हलल्याचंही कळत नसे.

असंच चाललं असतं तर मला तुम्हाला काही सांगावं लागलं नसतं.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, शेजारच्या बांधीतल्या टेकचंदला साप चावला. मी तो साप पाहिला होता. पाणदिवड होती ती, पाण्यात बेडकं खाणारी, विष नसलेली. सकाळपासून माझ्याच मुळाशी पडून होती. पण टेकचंदनं नुसतं रक्त पाहिलं आणि तो चिखलात बसला. माणसं धावली. गोदावरीबाईंनी कधीतरी कुणाकडून ऐकलं होतं, की कुंभ्याचा रस सापाच्या विषावर चालतो. त्यांनी मूठभर पानं ओरबाडली, दगडावर ठेचली आणि रस त्याला पाजला. दुपारी टेकचंद उठून घरी गेला.

"बाईनं मले मरणातून ओढून आणलं गा," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. पंचक्रोशीत नाव झालं. लोक माझ्यापुढे थांबून म्हणायचे, हाच तो कुंभा. कुणीतरी माझ्या बुडाशी नारळही फोडला. मला माहीत होतं की साप बिनविषारी होता. मला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी त्या दिवसांत बोललो असतो का? मला ते कौतुक गोड लागलं होतं, मित्रांनो. वृंदावनातल्या तुळशीइतका मान आपल्यालाही मिळाला, असं वाटलं होतं.

त्यानंतर आणखी दोघांना रस दिला गेला. दोघेही वाचले. कोणता साप होता ते कुणी पाहिलं नव्हतं.

मग एक्याऐंशीची कापणी आली. गोदावरीबाईंचा मुलगा इश्वर, त्याची बायको निर्मला आणि त्या स्वतः, तिघं बांधीत होते. निर्मला कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा उचलत होती. एका कडपेखाली मण्यार होती. तिच्या बोटाला चावून ती भेगेत शिरली.

"काहीतरी टोचलं वो," निर्मला म्हणाली. इश्वरनं भेगेत जाणारी पट्टेरी शेपटी पाहिली आणि हातातला विळा टाकला.

"माय, फाट्यावर अकराची एस.टी. आहे. मी हिले पवनीच्या दवाखान्यात नेतो."

"थांब बापू. आधी रस घेऊ दे तिले," गोदावरीबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे आल्या. मूठभर पानं ओरबाडून त्यांनी ठेचली.

निर्मलानं रस प्याला. ती मोहाच्या झाडाच्या सावलीत बसली. सूज नव्हती, आग नव्हती. मण्यारीचं विष असंच असतं, आधी काहीच कळू देत नाही. थोड्या वेळानं इश्वर पुन्हा म्हणाला, "माय, अजून एस.टी. सापडते. जातो ना."

"पाह्य ना, किती बरी बसली आहे. रस लागू पडला. उगाच धक्के कायले देतो तिले?"

निर्मलाही हसून म्हणाली, "मले काहीच होऊन नाही राहिलं. कापणी टाकून कुठं जाता?"

इश्वर थांबला. दूर रस्त्यावर एस.टी.चा आवाज आला आणि गेला.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा निर्मलाच्या पापण्या मिटू लागल्या. तिला वाटलं झोप येते आहे. मग तिची जीभ जड झाली. इश्वरनं बैल जुंपले, गोदावरीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी धावत गेली. पुढचं मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. पवनी दोन कोस राहिली असताना तिचा श्वास थांबला.

गावानं गोदावरीबाईंना एका शब्दानं बोल लावला नाही. निर्मलाचं आयुष्यच तेवढं होतं, असं सगळे म्हणाले. टेकचंद तर म्हणाला, रस उशिरा पोचला असेल. पंधरा दिवसांनी मायलेक राहिलेलं धान उचलायला आले, तेव्हा गोदावरीबाई माझ्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "बापू, तू दोनदा म्हणाला. दोनदा म्या थांबवलं."

इश्वर धान बांधता बांधता म्हणाला, "मीबी तर थांबलो, माय."

दोघांनी आपापला दोष उचलला. तिसरा दोषी तिथंच पांढरी फुलं मिरवत उभा होता आणि त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

पंच्याऐंशीच्या निंदणात टेकचंदच्या बायकोला, सुशीलाबाईला, नागानं पायाला डसलं. टेकचंदनं तिला उचलून थेट गोदावरीबाईंच्या धुऱ्यावर आणलं.

"बाई, रस दे. लवकर."

"मी रस देत नाही आता. दवाखान्यात ने तिले."

"काहून? मी वाचलो ना याच रसानं?"

"तुले विषारी चावलाच नसंल, टेकचंद. मले तेव्हाबी काही समजत नव्हतं. माझी सून गेली त्यात."

टेकचंदला ते ऐकायचंच नव्हतं. "तू नाही देत तर मी काढतो," म्हणून तो माझ्याकडे वळला. तेवढ्यात गोदावरीबाई आडव्या आल्या. खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी मला मुळासकट उपटलं. एक झाड, दुसरं, तिसरं, धुऱ्यावरचे सगळे कुंभे उपटून त्यांनी बांधीतल्या चिखलात पायानं दाबले.

"आता नाही रस," त्या धापा टाकत म्हणाल्या. "चाल. इश्वर, गावातून ट्रॅक्टर आण भैय्याजीचा. मी बसते हिच्यासोबत."

चिखलात पडल्यापडल्या मी ट्रॅक्टर जाताना ऐकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. पवनीला सुशीलाबाईला विषावरच्या सुया दिल्या. दहाव्या दिवशी ती स्वतःच्या पायानं धुऱ्यावरून चालत आली. टेकचंद तिच्या मागं होता. तो गोदावरीबाईंपुढे आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

पुढच्या पावसाळ्यात मातीत राहिलेल्या बियांतून मी पुन्हा उगवलो. गोदावरीबाईंनी पाहिलं आणि या वेळी उपटलं नाही. पोरांना जवळ बोलावून त्यांनी इतकंच सांगितलं, "भाजी खा, सर्दीले घ्या. सापाले नाही."

मित्रांनो, धुरे साफ करताना मला जागा ठेवा. माझ्या फुलांवर मधमाशा येतात, माझी भाजी चवीची असते. पण ज्याची जेवढी शक्ती, तेवढंच काम त्याच्याकडून घ्या, आणि साप चावला तर माझ्याकडे वळूनही पाहू नका, गाडी पकडा. निर्मलाला वाचवणं माझ्या हातात नव्हतं. पण त्या सकाळी एस.टी. वेळेवर आली होती, आणि निर्मला माझ्या भरवशावर मोहाखाली बसून राहिली.