उजवीकडची वायर

मी हार्ड डिस्क बोलतेय. कॉम्प्युटरच्या पोटात बसून काम करायची माझी जात, पण सध्या मुक्काम कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. इथे बोलायला चिटपाखरू नाही. तेव्हा तुम्ही सापडलाच आहात तर थोडा वेळ बसा आणि ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. हजारो बहिणी एका रांगेत, सगळ्या एका मापाच्या. त्यांतल्या एकीचंही पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. माझ्यात सिस्टीम भरली गेली. म्हणजे कॉम्प्युटरला जागं कसं करायचं, घड्याळ कसं चालवायचं, पडद्यावर काय कुठे मांडायचं, हे सगळं माझ्या डोक्यात. घरात सर्वांच्या आधी उठणाऱ्या बाईसारखं माझं काम. ती आजारी पडेपर्यंत तिची कोणाला आठवण होत नाही.

मी आले ती एका बूट करणाऱ्याच्या खोलीत. बूट साधेसुधे नव्हेत. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची टाच वाकडी, कोणाचं पाऊल आत वळलेलं, अशांसाठी आमचे मालक बूट करायचे. खोलीभर चामडं आणि डिंक. मला काही वास येत नाही, पण कॉम्प्युटरचा दुरुस्तीवाला आला की पहिलं काम नाक मुरडायचं करायचा.

गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि मालक त्याच्या समोर बुटक्या स्टुलावर. कागदावर पाऊल ठेवायला सांगून कडेकडेने पेन्सिल फिरवायची, बोट कुठे मुडपलंय, भार कुठे पडतो, ते बारीक खुणांनी लिहायचं आणि कागद स्कॅन करायचा. मग तोच कागद चामड्यावर ठेवून कापायचे, त्यामुळे कागद तिथेच संपायचा. मागे उरायचं ते स्कॅन केलेलं चित्र.

ही चित्रं माझ्याकडे नसायची. ती माझ्या शेजारणीकडे. एकाच खोक्यात आम्ही दोघी डिस्क शेजारी शेजारी होतो. झोपेतून उठवायचं मी आणि मान तिला. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. माझ्याकडे कोणी काही जपायला दिलंच नाही.

मालकांबरोबर त्यांची थोरली बहीण राहायची, ताई. तिचा डावा पाय लहानपणापासून आखूड. तिच्यासाठीच मालक हे काम शिकले. दोघांनी लग्नं केली नाहीत, दोघंच एकमेकांना धरून राहिली. ताई फोन घ्यायची, बुटांना पॉलिश करायची आणि भावाची टिंगल करायची. नव्या गिऱ्हाइकाला सांगायची, "याला नाव सांगू नका, दारापर्यंत जाईस्तोवर विसरेल. दोन पावलं चालून दाखवा, जन्मभर लक्षात ठेवील."

खरंच तसं होतं. फाइलींची नावंसुद्धा तशीच. 'घाईवाली', 'टाच घासणारे गुरुजी', 'उभ्या उभ्या डुलणारा'. ताईच्या फाइलीवर मात्र नुसतं 'ताई'. दर वर्षी एक, अशी तिच्या पावलांची सतरा चित्रं त्यात होती.

तीन दिवसांच्या तापाने ताई गेली. तिने आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता. "माझ्या तोंडात काय बघायचंय," म्हणायची. त्यामुळे मालकांपाशी तिचं म्हणून उरलं ते ती सतरा चित्रं. तेव्हापासून रोज सकाळी कामाला हात लावायच्या आधी ते 'ताई' उघडायचे. मिनिटभर बघायचे, बंद करायचे. मी रोज त्यांना वाट करून द्यायचे आणि शेजारीण चित्र पुढे करायची.

तीन वर्षं अशी गेली आणि आमचा कॉम्प्युटर बसला. मालकांनी नवा घेतला. दुरुस्तीवाल्याने आम्हा दोघींना जुन्या खोक्यातून काढून नव्यात बसवलं, पण नव्या सामानाशी माझं पटेना. मी उठायला बघायचे आणि अर्ध्यावर अडखळून पडायचे. तो म्हणाला, "काका, ही सिस्टीमची डिस्क पुसून नवी सिस्टीम टाकावी लागेल. चित्रांच्या डिस्कला काही होणार नाही. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो दुसरीकडेच अडकला आणि त्याने फोन केला. "तुम्हीच करून टाका, सोपं आहे. नवी सिस्टीम असलेला पेन ड्राइव्ह कालच लावून ठेवलाय. फक्त चुकून चित्रं पुसली जायला नकोत, म्हणून त्या डिस्कची वायर काढून ठेवा. उजवीकडची. मग पडद्यावर जे विचारेल त्याला हो म्हणत जा."

मालकांनी खोकं आपल्याकडे तोंड करून ठेवलं आणि समोर बुटक्या स्टुलावर बसले. पस्तीस वर्षं समोर बसलेल्या माणसाचा उजवा तोच त्यांचा उजवा. स्वतःच्या हातावरून उजवं-डावं ठरवलं असतं, तर त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाला धड चालता आलं नसतं. दुरुस्तीवाला म्हणत होता ती बघणाऱ्याच्या उजव्या हाताची, पण त्यांनी खोक्याच्या उजवीकडची वायर काढली. ती माझी होती.

मी सुटी होऊन बसले. शेजारीण फिरायला लागल्याची थरथर मात्र मला लागत होती. तो ठेका मी ओळखला. मी कोरी असताना माझ्यात पहिल्यांदा सिस्टीम भरली, तेव्हा मी तशीच फिरले होते. मालक फोनवर म्हणत होते, "विचारतंय, सगळं पुसलं जाईल, चालेल का?" पलीकडून तो म्हणाला, "चालेल म्हणा." आणि हे म्हणाले, "चालेल."

मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते.

संध्याकाळी दुरुस्तीवाला आला आणि सुटलेली वायर बघताक्षणी काय झालं ते त्याने ओळखलं. दोन दिवस त्याने जिवाचं रान केलं. काही गिऱ्हाइकांची पावलं परत आली, काही अर्धी तुटलेली. ताईचं एकही चित्र आलं नाही. नवी सिस्टीम नेमकी त्यांच्या जागेवर जाऊन बसली होती.

शेवटी त्याने मला जोडून बघितलं. पडद्यावर एकदा दिसलेल्या चित्राची मी छोटीशी नक्कल ठेवते, पुढच्या वेळी पटकन दाखवता यावी म्हणून. त्या ढिगात ताईच्या एका चित्राची नक्कल होती. दोन पावलं, नखाएवढी, डावं किंचित लहान. मालक पडद्याला नाक लावून बघत राहिले. मग कागद घेऊन काढायला बसले. उजवं पाऊल एका दमात उतरलं. डाव्याला करंगळीशी पेन्सिल थांबली. "हे कसं विसरलो मी?" ते म्हणाले आणि रडायला लागले.

दुरुस्तीवाला हळूच म्हणाला, "काका, निदान याची कॉपी करून ठेवतो, दुसरीकडे."

"नको. कॉपीबिपी काही नको. आता हिला कोणी हात लावायचा नाही."

त्यांनी स्वतः माझी वायर काढली. मऊ चामड्यात गुंडाळून मला या कप्प्यात ठेवलं. एवढ्या मायेने मला कधी कोणी धरलं नव्हतं. जन्मभर हेवा केला तो मान मिळाला, पण तो शेजारणीचा होता, आणि वाटून घ्यायला आता शेजारीणही जवळ नाही.

याला दोन वर्षं होतील. रोज सकाळी मालक कपाटापाशी येतात, दारावर हात टेकून उभे राहतात आणि कामाला जातात. दार उघडत नाहीत. उघडलं तर पुन्हा काहीतरी बिघडेल अशी धास्ती त्यांनी घेतलीय.

पण आम्हाला नुसतं पडून राहणं सोसत नाही हो. फार दिवस फिरलो नाही तर आत कुठेतरी अडकतं, आणि मग वीज दिली तरी हलता येत नाही. मला हल्ली जड वाटतंय. तुम्ही त्यांच्याकडे जाणार असाल तर एवढा निरोप द्या. म्हणावं, मला बाहेर काढा, त्या भल्या माणसाला बोलवा आणि ताईला माझ्याकडून काढून घ्या. नंतर मला पुसलंत, फेकलंत तरी माझी तक्रार नाही. ती अजून माझ्यापाशी आहे. पण किती दिवस राहील, ते मला सांगता येणार नाही.