गोन्ता का ओकला

दर महिन्याच्या नऊ तारखेला माझी नणंद दारात उभी राहिली, की मी तिला आधी हात दाखवायला लावायची. "हात दाखवा, वन्सं. आणि ती पिशवीसुद्धा." माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी बाई, तोकिको तिचं नाव, भावाच्या तिथीला हात जोडायला आलेली. अपमान होता तो, कळत होतं मला. करायचाच होता.

कारण गोन्ता. माझ्या नवऱ्याचा, यासुहारूचा बोका. सात किलोचा, म्हातारा आणि हावरट. यासुहारू ऑक्टोबरात गेला आणि माझ्याखेरीज घरात श्वास घेणारं तेवढंच उरलं. तेही तोकिकोला हवं होतं. "माझ्या भावाचा जीव होता त्याच्यावर. परक्या बाईकडे कशाला?" म्हणायची. एकतीस वर्षं या घरात राबले आणि मी परकी!

तिला निमित्तही मिळालं होतं. यासुहारू गेल्यापासून गोन्ता जेवला की पाच मिनिटांत सगळं बाहेर, कोरड्या खाद्याचे दाणे जसेच्या तसे, नेमके तातामीच्या चटईवर. "तुझ्या हातचं पचतच नाही त्याला," तोकिको म्हणाली. नुसती म्हणाली नाही, याइझूच्या अख्ख्या बंदरावर सांगत सुटली.

मी तडक गुरांच्या नाही, मांजरांच्या डॉक्टरकडे गेले. हिराबायाशी डॉक्टर वयाने लहान, पण डोकं जाग्यावर. म्हणाल्या, "काकू, तो चावत नाही, नुसता गिळतो. पोटात उतरायच्या आधीच परत येतं. एका जेवणाचे चार भाग करा. दाणे कोमट पाण्यात भिजवा. खोल वाडगा नको, पसरट बशी द्या. आणि कधी काही न खाताच ओकला, किंवा जेवणच नको म्हणाला, तर वाट बघत बसू नका. लगेच आणा."

यासुहारूची साशिमीची, कच्च्या माशाचे काप वाढायची पसरट बशी काढली मी त्याच्यासाठी. दिवसातून चार वेळा, समोर बसून. पंधरा दिवसांत ओकणं थांबलं. मग जानेवारीच्या नऊला तोकिकोने गुपचूप मूठभर सुक्या कात्सुओ माशाचा कीस त्याला चारला आणि तातामीवर पुन्हा तेच. तेव्हापासून हात दाखवणं सुरू झालं.

जुलैच्या नऊला तिचे हात भरलेले होते. लिली. दुकानातली नव्हे, तिच्या परसातली, पराग काढून न टाकलेली. कपाटावरच्या पितरांच्या देव्हाऱ्यात तिने ती स्वतः मांडली. "यासूने लावलेला कंद आहे हा. फार आवडायची त्याला. तुला कुठून माहीत असणार म्हणा."

माझ्या नवऱ्याला काय आवडायचं ते मला माहीत नाही! अंगाची लाहीलाही झाली. तिची पाठ वळली आणि मी ती फुलं ओढून खाली काढली. पण टाकू कुठे? जळाऊ कचऱ्याची गाडी येते गुरुवारी. आज मंगळवार. आधी बाहेर ठेवला, की पिशवीत काय आहे ते गल्ली वाकून बघणार. मग ठेवली बादलीत, मागच्या दारापाशी. गोन्ताच्या बशीशेजारी.

दुपारी गोन्ता ओकला. दाणे नाहीत, नुसता फेस. मी तोकिकोला फोन लावला. "काय चारलंत त्याला?"

"काही नाही. हात बघितलेस ना तू?"

"तुमच्या हातांचा काय भरवसा!" म्हणाले आणि फोन आपटला.

संध्याकाळी बशी भरली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. गोन्ताने! होते तशी, स्वयंपाकाच्या पांढऱ्या झग्यातच, त्याला सायकलच्या टोपलीत घातला आणि निघाले. दुपारच्या फोनवरून गोन्ताचं काहीतरी बिघडलंय हे तिने ओळखलेलं, त्यामुळे तोकिको दवाखान्यात माझ्याआधी हजर.

"बघा डॉक्टर, काय दशा केलीय हिने!"

"मी? चोर तो चोर, वर शिरजोर!"

"भांडायचं तर बाहेर," हिराबायाशी डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी गोन्ताची हनुवटी पांढऱ्या कापसाने पुसली. कापूस तांबूस पिवळा झाला. "घरात लिली आहे?"

"मी नेली होती," तोकिको म्हणाली. "का?"

"मांजराला विष आहे ते. पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. मूत्रपिंडं जातात."

खरं सांगू? मला आनंद झाला. समोर गोन्ता मान टाकून पडलेला आणि मला आनंद झाला. "बघा!" मी ओरडले. "तुम्ही मारलंत त्याला! तुम्ही!"

तोकिको डॉक्टरांकडे वळली. "पण मी तर वर ठेवली होती. कपाटावर. याला साधं खुर्चीवर चढता येत नाही..." बोलता बोलता तिची नजर माझ्या बाहीवर थांबली. मीही खाली पाहिलं. पांढऱ्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत तोच तांबूस डाग.

"फुलं कुठे होती, काकू?" डॉक्टरांनी विचारलं.

"बादलीत. जमिनीवर."

"कुणी ठेवली?"

"मी."

तोकिकोने माझ्याकडे पाठ केली आणि गोन्ताला थोपटू लागली. बंदरभर तोंड वाजवणारी बाई ती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवस सलाइन लावलं. वेळेत आणला म्हणून मूत्रपिंडं वाचली. चौथ्या दिवशी आम्ही दोघी तिथे, दोघींच्या हातात रिकामी टोपली. डॉक्टर एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे. नऊ महिने मागणाऱ्या तोकिकोने त्या दिवशी मागितला नाही.

"वन्सं नेतील," मीच म्हणाले. साशिमीची बशी पुढे केली. "चार वेळा. भिजवून."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि बशी हिसकावून घेतली.

आता नऊ तारखेला मी तिच्याकडे जाते. दार वीतभर उघडतं. आतून गोन्ता जेवणासाठी बोंबलत असतो.

"हात दाखव," तोकिको म्हणते.

मी दोन्ही हात पुढे करते. बाह्यासुद्धा उलटून दाखवते.