दाट शेजार

पानावरचा ठिपका मसुराच्या दाण्याएवढा होता. काळा, पण कडा नेटकी नव्हती. टीपकागदावर शाई फुटावी तशी ती बारीक धाग्यांनी बाहेर सरकत होती आणि भोवती पिवळेपणा चढत होता. सुनेने पान उलटं करून पाहिलं, पुन्हा सरळ केलं, खुडून खिशात टाकलं. मग उठून तिने नळ घट्ट केला. तो मुळी गळतच नव्हता.

ही गुलाबांची रांग सासूबाईंनी लावलेली. त्या गेल्यापासून रोपवाटिकेत या रांगेला हात लावायचा तो फक्त सासऱ्यांनी. बुरशी दिसली तेव्हा त्यांनी मध्ये लसूण आणि झेंडू लावला. शेजार चांगला असला की दुखणं दारात थांबतं, म्हणाले. तसं ते खोटंही नव्हतं. पण त्यांनी मायेपोटी इतकं दाट लावलं, की बुंध्याशी वाऱ्याला शिरता येईना. आणि रोज संध्याकाळी लसणाला झारीने वरून पाणी, म्हणजे गुलाबाची पानं रात्रभर ओली.

तिला हे कधीच कळलं होतं. मागच्या बहरापासून वाक्य ओठांवर यायचं आणि ती चहा टाकायला निघून जायची. आज मात्र तोच ठिपका पलीकडच्या वाफ्यात, तिने स्वतः बांधलेल्या कलमांवर दिसला होता.

सासरे झारी घेऊन आले. "सूनबाई, लसूण बघ कसा तरारलाय!"

"लसूणच तरारलाय, बाबा."

"कळला हो टोमणा. अजून चार झेंडू घुसवतो मध्ये. तिचं झाड आहे, तिच्यासारखंच हट्टी. उठेल."

"घुसवणार कुठे? मुंगीला कूस बदलायची तर शेजारणीला विचारावं लागतंय."

ते हसले. झारी कलली. तिने झटकन झारीचं तोंड वर धरलं. पाणी मनगटावरून बाहीत शिरलं.

"अगं, काय हे?"

"पलीकडच्या कलमांवर आलंय."

त्यांचं हसू विरलं. "औषध मारू."

"मारून झालं."

"मग पानं खुडू."

"खुडतेच आहे. आता काड्या उरल्यात."

ते पुढचं बोलतील म्हणून ती थांबली. ते खाली बसून लसणाच्या पाती सरळ करत राहिले. तिचे पाय स्वयंपाकघराकडे वळले, दोन पावलं गेलेही. मग ती परत फिरली.

"बाबा, ही रांग काढायची. मुळासकट. आजच."