खांबावरचं वेटोळं

धाकटीने सकाळपासून चौथ्यांदा फोन लावला, आणि पलीकडची बाई चौथ्यांदा त्याच गोड आवाजात म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली आहे." धाकटीने फोन कॉटवर आपटला. भिंतीवरच्या नेटच्या डब्यातला हिरवा दिवा पहाटेच गेला होता आणि लाल दिवा डोळे वटारून बसला होता.

घरातली धाकटी सून, म्हणून सारं गाव तिला धाकटीच म्हणे. तीन वर्षं अर्ज करकरून गावात एकदाची ही काचेची वायर आली, आणि तिच्या जोरावर धाकटीला शहरातल्या एका दवाखान्याचं काम मिळालं. डॉक्टर बोलून पाठवायचे, तिने ऐकून लिहून पाठवायचं. आठ दिवस परीक्षा, पास झाली तर घरबसल्या कायमची नोकरी. आज आठवा दिवस होता आणि काम एक वाजेपर्यंत जायला हवं होतं. मोबाइलवर बोलणं कसंबसं व्हायचं, पण त्यावरून ते काम काही जात नसे.

ओसरीवर सासरे, म्हणजे आबा, नेटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"कामचुकार लेकाचे. वायर टाकली आणि तोंड काळं केलं. माझ्या सुनेचं नुकसान झालं तर एकेकाला सोडायचा नाही मी."

"आबा, ओरडून दिवा हिरवा होणार आहे का?"

साडेअकराला नेटवाला आला. पोट सुटलेला, घामाघूम, बोलायला गरीब. त्याने डबा उघडून बघितला.

"डब्याला काही झालं नाही. वायरीतून उजेडच येत नाहीये."

"वायरीत कसला उजेड?" आबांनी विचारलं.

"आत केसाएवढी काच असते, आबा. तिच्यातून उजेड धावतो, त्यावरच सगळं चालतं."

तिघं वायरीचा एकेक खांब बघत निघाली. जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि गरम वाऱ्याने धूळ दातांत येत होती. घरच्याच शेताच्या बांधावर नेटवाला थांबला आणि वर बघत राहिला.

"इथं वायरीचं वेटोळं होतं. मी स्वतः टांगलेलं. कुणी नेलं?"

आबा पायाखालच्या भेगांकडे बघायला लागले. धाकटीने त्यांच्याकडे बघितलं, मग शेतात बघितलं. दोडक्याच्या मांडवाला काळीभोर, नवीकोरी दोरी आवळून बांधलेली होती.

"गुंडाळून टांगलेली होती," आबा हळूच म्हणाले. "मला वाटलं, उरलेली ठेवून गेले. पहाटे शिडी लावून कापली. कुजत नाही, सैल पडत नाही. वेलाला बरी म्हटलं."

"उरलेली नसते ती. पुढे कुठं तुटली तर जोडायला सैल ठेवतो आम्ही. सांगायचं राहिलं."

"राहिलं?" धाकटीचा आवाज चढला. "खांब रोवताना दहा सह्या घेतल्या तुम्ही. आणि हे एवढं एक सांगायचं राहिलं?"

नेटवाला खाली बघत म्हणाला, "दोन्ही टोकं एकमेकांना पोचत नाहीत. मधे दहा हात तुकडा घालावा लागेल. नवी वायर यायला परवा उजाडेल."

धाकटीचा जीव नुसता जळत होता. आबांवर ओरडावं, तर लग्नानंतर तिला शिकवायला सगळ्या घराशी भांडलेले तेच. तिने दवाखान्याच्या मोठ्या बाईंना फोन लावला.

"गावाकडच्या सगळ्यांची हीच रड असते," बाई म्हणाल्या. "आज वायर, उद्या वीज."

आबांनी तिच्या हातातून फोन घेतला. भर उन्हाळ्यात खणलेली विहीर कोरडी लागली तेव्हासुद्धा जागा चुकली असं कबूल न केलेला हा माणूस.

"बाई, मी तिचा सासरा. वायर मी कापली, वेल बांधायला. चूक माझी आहे. शिक्षा तिला कशाला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊ. त्यापुढे नाही."

आबांनी फोन परत दिला, विळा घेतला आणि फुलावर आलेला मांडव उतरवून बांधलेली वायर सोडवायला लागले. धड तुकडा मिळतो का बघायला नेटवाल्याने सोडवलेल्या वायरीच्या टोकाला लाल उजेडाची बॅटरी लावली. गाठ आवळली होती तिथं काच मोडलेली, उजेड पुढे जाईना. गाठ कापायची, पुन्हा बॅटरी लावायची. असे पाच तुकडे वाया गेले. सहाव्याच्या पलीकडच्या टोकाला मोहरीएवढा लाल ठिपका दिसला. तो भरला अकरा हात. दिवस मावळायला जोड बसला आणि घरातला दिवा हिरवा झाला.

सकाळी साडेआठला धाकटीने काम पाठवलं. दहाला उत्तर आलं. आबा दारातच उभे होते.

"काय म्हणतात?"

"काम उत्तम आहे. पास झाले."

"मग तोंड असं का?"

"कायमची नोकरी ज्यांच्याकडे दोन वायरी आहेत त्यांनाच. एक तुटली तर दुसरी हवी म्हणे." तिने मोबाइल पालथा ठेवला. "आबा, पहिली यायला तीन वर्षं गेली."

आबांनी कोपरीच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि कॉटवर तिच्या शेजारी बसले.

"कागद घे," ते म्हणाले. "अर्ज लिही. पहिली सही माझी."