लेथवरचा कीस

लातूरबाहेरच्या सांडपाणी केंद्रात पंचशीला पाणी तपासायची. दुष्काळाचं वर्ष होतं. शुद्ध केलेलं पाणी नाल्यात सोडत, आणि त्याच्याच पाझरावर नाल्याकाठची एक विहीर तग धरून होती. सगळी वस्ती तीच उपसत होती.

एप्रिलात वस्तीतल्या कोंडाबाई दोन महिन्यांच्या नातीला घेऊन केंद्राच्या फाटकाशी आल्या. पोरीचे ओठ निळे पडले होते.

"डाक्टर म्हनला, पान्यात दोष हाय. वरचं दूध त्याच पान्यात कालवून राहिलो. तुमी तपासता ना, ताई?"

पंचशीलानं विहिरीचं पाणी तपासलं. नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट; तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू तेच अडवतं. ते तिच्याच केंद्रातून मुरलेलं होतं. केंद्रातून सोडलेल्या पाण्याच्या दाखल्यावर 'फक्त बागेसाठी' असं लिहिलं होतं. खाली सही तिची.

"मावशी, हे पाणी पोरीला देऊ नका. उकळूनही न्हाई."

"मंग काय देऊ?"

त्या दिवसापासून पंचशीला आपल्या घरच्या पाण्याचा कॅन कोंडाबाईंकडे पोचवू लागली.

केंद्राच्या टाक्यांतले जिवाणू नायट्रेट मोडून त्याचा वायू करतात, पण ते सुस्तावले होते. लोखंडानं त्यांना जोर येतो, असं तिनं वाचलं होतं. शेजारच्या कारखानदार माणिकप्पांच्या लेथवरून, लोखंड कातायच्या यंत्रावरून, तिनं लोखंडाचा कीस आणला, सोड्यानं तेल धुऊन एका टाकीत टाकला. अंदाज चुकला. पाणी तांबडं झालं.

"कुणाला विचारून केलंस?" अभियंता भुजंगराव कडाडले. "नोकरी जाईल तुझी."

"साहेब, तान्ही पोर निळी पडली हो आपल्या पाण्यानं."

भुजंगरावांनी टाकीच्या कठड्यावरून वाकून पाणी पाहिलं. "एकच टाकी," ते म्हणाले. "अन् कमी टाक."

तिसऱ्या आठवड्यात त्या टाकीतलं नायट्रेट निम्म्यावर आलं. मग सगळ्याच टाक्यांत कीस पडला, आणि जूनमध्ये बाहेर जाणारं पाणी मर्यादेत बसलं. पंचशीला बाटली घेऊन विहिरीवर धावली. विहिरीचा आकडा जेमतेम हलला होता.

"झालं का चांगलं?" कोंडाबाईंनी विचारलं. नात आता बरी होती, कडेवर हात नाचवत होती.

"नाल्यात येणारं झालं, मावशी. जमिनीत आधी मुरलंय ते निघायला वर्ष लागंल, जास्तही."

कोंडाबाईंनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "वस्तीत आनखी दोघींना दिवस गेल्यात."

पंचशीलानं बाटलीचं झाकण लावलं. "घरं दाखवा त्यांची," ती म्हणाली.