खिडकीत राहिलेले फ्लास्क

प्रयोगशाळेत सगळे तिला 'काबाई' म्हणत, कारण कोणत्याही गोष्टीवर तिचं 'का?' ठरलेलं. अशी बाई तीन वर्षं एका प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागली होती, आणि ते प्रथिन काही दाद देत नव्हतं. डायटम म्हणजे काचेचं कवच घातलेलं, पाण्यातलं एकपेशीय शैवाल. उजेड टिपणाऱ्या त्याच्या यंत्रणेतलं हे एक प्रथिन तिने काढून टाकलं होतं. सहा फ्लास्कमध्ये प्रथिन असलेलं शैवाल, सहांमध्ये नसलेलं. बाराही तपकिरी, बाराही सारखेच वाढलेले! निसर्ग बिनकामाचं ओझं कशाला वाहील, हे तिला कळेना.

"सोमवारी फरक दाखव, नाहीतर विषय बदल," सरांनी शुक्रवारी सांगून टाकलं.

सोमवारी सकाळी मावशी दारातच उभ्या. तीस वर्षं इथले फ्लास्क त्याच सांभाळत, पण आज चेहरा पार उतरलेला.

"पोरी, घोटाळा झाला गं. शनिवारी फळी पुसायला तुझे फ्लास्क खिडकीत ठेवले, आणि परत ठेवायचे राहूनच गेले. हवं तेवढं बोल मला."

ती बोलायला थांबलीच नाही, खिडकीकडे धावली. सहा फ्लास्क तपकिरी होते, सहा पाणचट चहासारखे फिके. तिने फ्लास्कवरची एकेक चिठ्ठी पाहिली. फिके सगळे प्रथिन नसलेले.

"मेले का गं?"

"थांबा मावशी. पण हेच का?"

खिडकीबाहेर झाड हलत होतं. काचेवर ऊन, सावली, पुन्हा कडक ऊन. फळीवर मात्र दिव्यांचा मंद, एकसारखा उजेड, शैवालाला त्रास नको म्हणून मुद्दाम ठेवलेला. जास्तीचा उजेड उष्णता करून बाहेर टाकणं, हेच त्या प्रथिनाचं काम असेल तर? फळीवर जास्तीचा उजेड कधी पडलाच नव्हता. तीन वर्षं! तिला हसावं की रडावं कळेना.

सरांनी फ्लास्क हातात घेऊन बराच वेळ निरखले. "एकदा झालं तर तो योगायोग. महिन्याभरात तीनदा दाखव. तोवर विषय राहू दे."

ती लगेच नवे बारा फ्लास्क भरायला बसली. भरता भरता तिने मावशींना मंद उजेडाचं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी यांना इतकी वर्षं जपून जपून..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. मग स्टूल ओढलं, वर चढल्या, आणि शेजारच्या खिडकीला ऊन अडवायला स्वतःच लावलेला जाड पडदा काढायला लागल्या.