नळाशेजारची तक्रारपेटी

मी तक्रारपेटी बोलतेय. पत्र्याची, लाल रंगाची. हदगावच्या एका शाळेत पाण्याच्या टाकीशेजारी भिंतीवर टांगलेली असते.

मला तय्यबचाचांनी घडवलं. चिठ्ठी टाकायच्या फटीच्या कडा त्यांनी कानशीनं पुन्हा पुन्हा घासल्या. "लेकराचं बोट कापलं न्हाई पायजे," म्हणाले. इतकं घासलं की तिथं रंगही टिकला नाही. त्यांची नात लुबना याच शाळेत नववीत आहे.

मला मागवलं बबिता मॅडमनी. त्या नागरिकशास्त्र शिकवतात. माझ्या भिंतीपलीकडेच त्यांचा वर्ग, सगळं ऐकू येतं. एकदा त्यांनी अमेरिकेची राज्यघटना आणि आपली, दोन्हींची सुरुवात वाचून दाखवली. म्हणाल्या, "दोन्हीकडं 'आम्ही लोक' हाय बघा. राजा न्हाई, साहेब न्हाई. आपण!"

दुसऱ्या दिवशी माझ्यात चिठ्ठी पडली. 'आम्ही, नववी ब चे लोक, कळवतो की मोटर चालू झाली की नळाला करंट येतो.' खाली अडतीस सह्या. अभिमानानं मी फुलून गेले.

पण माझी किल्ली हेडसरांकडं. नियम असा, की शाळेच्या तक्रार समितीचे पाचही जण हजर असतील तरच मला उघडायचं. दोघं निवडणुकीच्या कामाला गेलेले, एकाची उमरीला बदली झालेली.

"सर, करंट येतोय," मॅडम जाऊन सांगायच्या.

"तक्रार पेटीत टाकली ना? मग समिती जमू द्या," किशनराव हेडसर म्हणायचे.

"मॅडम, कुलूप तोडू का?" लुबनानं विचारलं होतं.

"न्हाई गं. नियम मीच शिकवला, मीच कसा मोडू?"

हाय रे दैवा! तोडलं असतं तर बरं झालं असतं. परवापासून मॅडमही निवडणुकीच्या कामावर बिलोलीला गेल्यात.

आता टाकी झिरपून भिंत ओली झालीय. मोटर चालू झाली की माझ्या खिळ्यातून अंगभर करंटच्या मुंग्या चढतात. कुणाला सांगू? तक्रारपेटीची तक्रार कोण घेणार?

ती बघा, लुबना येतेय. हातात दुसरी चिठ्ठी. चपला वर्गाबाहेर काढलेल्या, पाय ओल्या फरशीवर. तिकडं व्यंकटीमामा शिपाई मोटरीच्या बटणाकडं निघालेत.

मामा, थांबा! अहो, कुणीतरी थांबवा त्यांना! मला उघडू नका, वाचू नका, भंगारात घाला, पण ते बटण दाबू नका.

लुबना, मागं हो. तुझ्या आजोबांनी घासलेली ती बिनरंगाची कड तुझ्या बोटांसमोर आहे. आजवर मी पोरांना जवळ बोलावत आले. आज पाया पडते, मला हात लावू नकोस.